सांगते तसं लिवा

"लिवा ताई," पद्मीन म्हणाली. "लिवा, की सोपान, माझ्या लेकराच्या अंगाला हळद लावलीस तर तुझं वाटोळं होईल. लिवलं?"

"लिहिलं," मी म्हटलं.

"फुडं लिवा. रेणू, तू पाटावर बसायचं न्हाई. हळदीच्या आदल्या दिशी शाळंतल्या टाकसाळेबाईच्या घरी पळून जायचं. त्या दार उघडतील. मी येईस्तवर तिथून हलायचं न्हाई. लिवलं?"

"अगं लिहितेय बाई. माझा हात म्हणजे काय यंत्र आहे?"

सत्त्याण्णव सालचा मार्च होता आणि आम्ही मस्कतला, माझ्या दोन खोल्यांत बसलो होतो. मी मूळची गडहिंग्लजची, इंदुमती चौगुले. मस्कतच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. लग्न केलेलं नाही, मागंपुढं कुणी नाही. शुक्रवारी सुट्टी असायची, आणि त्या दुपारी आपल्याकडच्या पाचसहा बायका माझ्याकडे यायच्या. कुणी कुणाची मुलं सांभाळायची, कुणी म्हातारी माणसं. एकीलाही लिहिता-वाचता येत नव्हतं. मी त्यांना चहा करायची, गावाकडून आलेली पत्रं वाचून दाखवायची, उत्तरं लिहून माझ्या खर्चानं टपालात टाकायची. कुणाचं अंग दुखलं तर गोळ्या द्यायची. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या, इंदूताई आहेत म्हणून या बिचाऱ्यांचं निभतंय. मी नको नको म्हणत ते पूर्ण ऐकून घ्यायची.

बोलायला मी फटकळ, पण लिहायला बसले की हात मऊ व्हायचा. आमच्या घरची शिकवणच तशी. परमुलखातून घरी जाणाऱ्या पत्रात रडगाणं नको. इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी, एवढ्यात पत्र आटोपलं पाहिजे. इथली बाई रडली तर समुद्रापल्याडचा माणूस करणार काय? उगाच त्याच्या जिवाला घोर. म्हणून बाया रडून सांगायच्या आणि मी पीठ चाळावं तसं चाळून लिहायची. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

पद्मीन परभणी जिल्ह्यातली, जिंतूरच्या पुढच्या एका वाडीवरची. नवरा शेतात वीज पडून गेला. एकुलती एक लेक दिराच्या घरी ठेवून ती दोन वर्षांच्या बोलीवर इकडे आली होती, रायरीकरांच्या माईंना सांभाळायला. माईंची उजवी बाजू लुळी पडली होती. दोनाची चार वर्षं झाली. पासपोर्ट रायरीकरांच्या कपाटात, आणि दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की'.

त्या दिवशी आलेलं पत्र तिच्या दिरानं, सोपाननं सांगितलेलं होतं, पण अक्षर रेणूचं होतं. त्या घरात लिहिणारी-वाचणारी ती एकटीच. तेरा वर्षांची, सातवीतली पोर. काका सांगत गेला तसं तिनं गोल गोल अक्षरांत स्वतःच्याच स्थळाचं वर्णन लिहिलं होतं. मुलगा मानवतकडचा, वय बत्तीस, पहिली बायको वारलेली, चार एकर ओलीत. बोलणी होत आली आहेत, आखितीला म्हणजे अक्षयतृतीयेला उरकून घेऊ. आणि अगदी खाली, काकानं न सांगितलेली एक बारीक ओळ होती: 'आई, तू सांगशील तसं करीन.'

ती ओळ ऐकून पद्मीननं पदर तोंडात कोंबला आणि मग सांगायला सुरुवात केली. दहा मिनिटं सांगत होती. शिव्या होत्या, शाप होते, आणि पोरीनं कुठल्या वाटेनं, कुठल्या बांधावरून टाकसाळेबाईंच्या घरी जायचं तेही होतं.

"आता वाचून दावा," ती म्हणाली.

मी कागद समोर धरला आणि तिनं सांगितलेलं सगळं, शिव्यांसकट, तिला म्हणून दाखवलं. माझी स्मरणशक्ती चांगली. कागदावर होतं ते वेगळं होतं. कारण हे पत्र तिथं वाचणार कोण? रेणूच. काकाच्या पुढ्यात बसून, मोठ्यानं. असलं पत्र तोंडातून निघाल्याबरोबर पोरीच्या पाठीचं सालडं निघालं असतं. तेवढा विचार मी केला, आणि फार शहाणपणा केला असं वाटून पाकिटाला डिंक लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रायरीकरांकडे गेले. शैलावहिनी मंडळाच्या कार्यवाह, बोलायला साखर. आतल्या खोलीत पद्मीन माईंना पेज भरवत होती, तिचा 'आ करा माय, आ करा' असा आवाज येत होता.

"मला काय तिला अडकवून ठेवायची हौस आहे, इंदूताई?" वहिनी म्हणाल्या. "पण माईंचं कोण करणार? माझी पाठ ही अशी. वीस मेला आम्ही सगळेच निघतोय, माईंनाही नेतोय. तेव्हा पद्मीनला कायमची मोकळी करते. माझ्या गळ्याची शपथ."

"अक्षयतृतीया त्याआधी आहे, वहिनी."

"अहो, गावाकडची लग्नं ती. आज ठरतात, उद्या पुढं जातात. तुम्ही दिराला एक छानसं पत्र टाका. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"मी आपल्या वकिलातीत जाणार होते."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "कशाला? यांच्या नोकरीवर येईल, मंडळाचं नाव चव्हाट्यावर येईल. आपल्यातलं आपल्यात राहू दे. आणि तिला फार काही सांगत बसू नका. बिथरेल, पळून जाईल. पळाली तर यांना पोलिसांत कळवावंच लागतं हो. मग ती कोठडीत. त्यानं लेकीचं काय भलं होणार आहे?"

हे त्या इतक्या मायेनं बोलल्या की ती धमकी होती हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. कळल्यावर तरी मी काय केलं? गप्प बसले. मंडळात माझी खुर्ची पहिल्या रांगेत असायची, तीही डोळ्यांपुढं आली, हे आज सांगायला हरकत नाही.

एप्रिलमध्ये दुसऱ्या शुक्रवारी पद्मीन आली ती पत्र छातीशी धरून. पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. वाचता न येणाऱ्या माणसालाही तेवढं वाचता येतं.

"ह्याला कुंकू कामून लावलंय, ताई?"

मी मनात वाचलं. लग्न अक्षयतृतीयेला, दुपारी साडेबारा वाजून काही मिनिटांनी. अक्षर रेणूचंच. आणि शेवटी सोपानचं वाक्य होतं: 'वहिनी, तुमचे पत्र आले आणि सर्व सोपे झाले.' ते वाक्य मी दोनदा वाचलं.

"सोपाननं घर बांधलंय," मी म्हटलं. "वास्तुशांत आहे."

"घर? आमच्यात?"

"असेल बाई, पत्रेबित्रे घातले असतील."

"आन् लगनाचं?"

"पुढं ढकललंय."

तिनं कोपऱ्यावरच्या कुंकवावरून बोट फिरवलं. बोटाला लागलेलं बघत राहिली. "रेणूनं खाली काय लिवलंय?"

"काही नाही," मी म्हटलं. आणि या वेळी ते खरं होतं. पत्राखाली काहीच नव्हतं. सगळ्या पत्रात मला त्या रिकाम्या जागेची जास्त भीती वाटली.

"आज काय लिहू?" मी विचारलं.

"काय न्हाई. एकदा समदं सांगितलंय की."

मी माझ्या नावानं सोपानला दुसरं पत्र लिहिलं. थांबावे ही नम्र विनंती, असं. टपालाला बारा दिवस लागायचे, कधी वीस. वाडीवर फोन नव्हता. वकिलात माझ्या दवाखान्यापासून टॅक्सीनं दहा मिनिटांवर होती. त्या दिवसांत दोनदा मी टॅक्सीला हात केला आणि दोनदा भलतीकडेच गेले. एकदा तर मासळी बाजारात उतरून पापलेटं घेऊन आले.

अक्षयतृतीयेला रायरीकरांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, चाळीसेक बायका, पैठण्यांची सळसळ. पद्मीन ट्रे घेऊन फिरत होती. विधवा म्हणून तिला कुणी कुंकू लावलं नाही, बिनलग्नाची म्हणून मलाही लावत नसत, आम्ही दोघी कडेलाच. अकरा वाजले, म्हणजे तिकडचे साडेबारा, तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. वर मान केली तर ट्रे घेऊन ती समोर उभी.

"आज आखिती ना ताई?"

"हो."

"लगीन न्हाई ना आज तिकडं?"

"नाही गं."

"मग बरं," ती म्हणाली आणि पन्ह्याचा पेला माझ्या हातात दिला. तो मी प्याले. तिकडे त्याच वेळी काय चाललं असेल याचा विचार मनात येत होता आणि मी पन्हं पीत होते.

वीस मेला वहिनींनी शब्द पाळला. विमानतळावर पासपोर्ट पद्मीनच्या हातात ठेवला, वर एक साडी दिली. मी रजा काढून तिच्याबरोबर निघाले. तिला एकटीला जमणार नाही असं मी सगळ्यांना सांगितलं, पण खरं कारण वेगळं होतं. सोपान माझ्या पत्रानं थांबला असेल अशी वेडी आशा मला होती, आणि आईला बिलगलेली लेक मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. बाजूला मी उभी, असं ते चित्र.

परभणीपर्यंत रेल्वे, पुढं एसटी, पुढं चालत. सोपानचं घर कुडाचंच होतं. अंगणात मांडवाचे चार खांब उभे होते, त्यांवर आंब्याची पानं वाळून खडखडत होती. पद्मीन खांबापाशी थांबली.

सोपान बाहेर आला. पाया पडला. "उरकलं बघा वहिनी, झ्याक उरकलं."

"कुणाला इचारून?"

"आता काय म्हनावं. तुमीच तर लिवलं व्हतं."

पद्मीननं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"कुठंय ते पत्र?" तिनं विचारलं.

"रेणूनं नेलंय संगं. आईचं हाय म्हनून."

रात्र तिथंच काढली. सकाळच्या एसटीनं मानवतकडं निघालो. तीन तास होते. माझ्या शेजारी ती मांडीवर बोचकं घेऊन बसली होती. मी तेव्हा सांगू शकले असते. जिभेवर आलं आणि प्रत्येक थांब्याला मी म्हटलं, पुढच्या थांब्यानंतर सांगते.

घर गावाबाहेर, शेताला लागून. ओट्यावर सासू शेंगा निवडत होती. तिनं हाक मारल्यावर आतून रेणू आली. हिरवा चुडा कोपरापर्यंत सरकलेला, नऊवारी नीट नेसता न आल्यानं एका हातानं ओचा धरलेला. खालचा ओठ सुजला होता. आईला बघून ती धावली नाही. दारातच उभी राहिली.

"पानी आनू?" तिनं आईला विचारलं. पाव्हण्याला विचारतात तसं.

पद्मीन ओट्याच्या कडेवर टेकली. "पत्र आन."

रेणू आत गेली आणि पत्र घेऊन आली. घडीवर फाटायला आलं होतं इतकं ते उघडलं-मिटलं गेलं होतं.

"वाच."

"तुला ठावं हाय की त्यात काय हाय."

"वाच म्हनते ना."

रेणू सरळ उभी राहिली आणि वर्गात धडा वाचतात तशी वाचायला लागली. "'चिरंजीव सोपान यास पद्मीनचा आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. माझी काळजी नसावी. स्थळ कळले, चांगलेच असेल. मी लवकरच येणार आहे, तोवर थांबल्यास बरे होईल. चिरंजीव रेणूस अनेक आशीर्वाद. घाबरू नको. मी येईपर्यंत काका सांगतील तसे वाग. मोठ्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नको. तुझी आई.'"

"अजून?"

"संपलं."

"टाकसाळेबाईचं कुठंय?"

"काय टाकसाळेबाईचं?"

"त्यांच्या घरी पळून जा म्हनलं व्हतं मी तुला."

"त्या तर सोताच आल्या व्हत्या," रेणू हळू म्हणाली. "हळदीच्या आदल्या दिशी, मागल्या दारानं. म्हनल्या, चल माझ्यासंगं, मी बघते पुढचं. मी न्हाई गेले."

"कामून गं?"

"तूच लिवलं व्हतंस."

शेंगा निवडायचा आवाज थांबला होता. पद्मीन लेकीच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. मग माझ्याकडं न वळता म्हणाली, "ताई, तुमी वाचून दावलं व्हतं."

"हो."

"त्यातलं काय काय नव्हतं ह्यात?"

"काहीच नव्हतं," मी म्हटलं.

माझं मला ऐकू आलं आणि मी बोलत सुटले. तुझ्या भल्यासाठी, पोरीला मार बसला असता, काकासमोर वाचायचं होतं तिला, तूच विचार कर.

"बसला असता," पद्मीन म्हणाली. "माराचे वळ जात्यात, ताई."

ती उठली, रेणूचं मनगट धरलं आणि चालायला लागली. रेणू एका हातानं ओचा सावरत मागून ओढली जात होती. सासूनं शेताकडं तोंड करून हाका मारल्या. मी दोघींच्या मागं निघाले. थोड्या वेळानं वळून बघितलं तर दोन पुरुष मागं येत होते. धावत नव्हते, बोलत नव्हते, नुसते येत होते. त्यांतला थोराड होता तो नवरा, हे रेणूनं वळून बघायचं टाळलं त्यावरून कळलं. पद्मीननं चाल वाढवली नाही. पोलीस चौकी तीन किलोमीटरवर होती आणि तेवढ्या रस्त्यात आम्हाला एक माणूस भेटलं नाही. आज मेले तरी चालेल, असं मला त्या वाटेवर खरोखर वाटलं.

चौकीत हवालदार एकटाच होता. ते दोघं बाहेर लिंबाखाली बसले. हवालदारानं त्यांना बघितलं, आम्हाला बघितलं, आणि म्हणाला, "घरचा मामला हाय मावशी. आपापसात मिटवा."

"लिवून घ्या," पद्मीन म्हणाली.

"माझा लिहिणारा माणूस रजेवर हाय. उद्या या."

"लिवनारी मी आनलीय." तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्या लिवत्यात. चार वरसं माझी पत्रं ह्यांनीच लिवली."

हवालदारानं कुरकुरत चार कोरे कागद दिले. मी जमिनीवर बसले. पद्मीन समोर उकिडवी बसली आणि रेणूला तिनं माझ्या खांद्यापाशी उभी केली, कागद दिसेल अशी.

"आज मी सांगते तसं लिवा, ताई. आन् रेणू, तू वाच मागून. एक अक्षर जरी दुसरं निघालं तर मला सांग."

ती सांगत गेली. दिराचं नाव, नवऱ्याचं नाव, लेकीचं वय, ओठ कशानं सुजला ते, लेकीनं इथंच पहिल्यांदा आईला सांगितलेल्या आणखी दोन गोष्टी. मी लिहीत होते. प्रत्येक ओळीला रेणू वाचून दाखवायची आणि म्हणायची, बरोबर. ती त्या घरी पुन्हा गेली नाही, एवढं इथंच सांगून ठेवते. खटला पुढं किती वर्षं चालला, टाकसाळेबाईंनी किती खेटे घातले, ती वेगळी गोष्ट आहे. मी मस्कत सोडलं. आता गडहिंग्लजला तहसील कचेरीसमोर बायकांचे अर्ज लिहून देते. फुकट. पण कुणी मला आता बिचाऱ्यांची कैवारी म्हणत नाही, म्हटलेलं मला चालतही नाही.

तिसऱ्या कागदाच्या मध्यावर पद्मीन थांबली. श्वास घेतला.

"आता लिवा," ती म्हणाली. "माझ्या लेकीला मी पळून जा म्हनून निरोप धाडला व्हता. तो मस्कतच्या इंदुमती चौगुले नावाच्या बाईनं बदलला. मला खोटं वाचून दावलं. लगनाची तारीख आली तवा ती बी लपिवली. म्हनून माझं लेकरू पाटावर बसलं."

माझं पेन थांबलं. मी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोसला असता. ती नुसती वाट बघत होती, पुढचं सांगण्यासाठी.

"लिवा ताई," ती म्हणाली.

मी लिहिलं. रेणू खाली वाकली आणि माझ्या नावासकट सगळं मोठ्यानं वाचलं, त्याच धड्यासारख्या आवाजात.

"बरोबर?" आईनं विचारलं.

"बरोबर."

पद्मीननं अंगठा उठवला. हवालदारानं कागद फिरवून माझ्यापुढं सरकवला आणि लिहून देणाऱ्याची सही खाली लागते म्हणाला. मी केली.